मशीनला मुंग्या, नळाला करंट: कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटच्या वायरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडला 1986 ची तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. राहतात दोघंच, काका 74 चे, काकू 70 च्या, मुलगी बंगळुरूला. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यासमोर घडलं आणि बाकीचं त्या दोघांकडून आणि दोन्ही वायरमनकडून कळलं.

घराचं वायरिंग म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी थोडं थोडं वाढवलेलं. मूळचं ॲल्युमिनियमचं, लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेलं. 2004 ला किचन नवं केलं तेव्हा तिथे तांब्याची वायर आली, मग गिझर आला तेव्हा बाथरूमसाठी लाईन ओढली ती मेनपासून नाही, किचनच्या बोर्डातनंच, कारण ते जवळ पडलं. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीनही पुढे त्याच लाईनवर बसलं. मेन म्हणजे लोखंडी पेटीतला जुना स्विच, एका बाजूला किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार भरायचा) आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची, लिंक. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, एकही नाही. पूर्वी फ्यूज सारखा उडायचा, मग काकांनी एकदा वैतागून त्यात जाड तार भरली आणि तेव्हापासून उडायचाच बंद झाला, हे ते कौतुकाने सांगायचे.

नेमका त्रास

2024 चा जून, पाऊस नुकताच सुरू झालेला. काकूंना मशीनमधले कपडे काढताना हाताला मुंग्या यायच्या, ओल्या हाताने जास्त. शॉक म्हणावा असा नाही, पण जाणवायचा. गिझर लावला की हॉलमधली ट्यूबलाईटची पट्टी मंद व्हायची, तेही जुनंच दुखणं, त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. शिवाय मुलीचं म्हणणं की आईला बेडरूममध्ये एसी बसवून द्यायचा आणि इंडक्शन घ्यायचं, तर वायरिंग एकदा कुणाला तरी दाखवा.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला वायरमन आला. वीसेक वर्षं याच गल्लीत काम करतोय, पंखे, बेल, बोर्ड, गणपतीत मंडळाची लायटिंग, सगळं तोच. माणूस चांगला, रात्री अकराला फोन केला तरी येणारा. त्याने मशीनच्या बॉडीला टेस्टर लावला, टेस्टर पेटला, म्हणाला "काकू, अर्थिंग नाहीये, थांबा करून देतो". सॉकेट उघडलं, वायरचा एक बोटभर तुकडा घेतला आणि न्यूट्रलच्या पिनेतून अर्थच्या पिनेला जोडून दिला. दहा मिनिटांत काम. मुंग्या गायब. 300 रुपये सांगितले तर काका म्हणाले, "दहा मिनिटांचे तीनशे?" आणि अडीचशेवर मिटलं.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचं मूळ त्या अडीचशेत आहे. आपल्याकडे वायरमनला पैसे मिळतात ते पॉइंटचे. पंखा टांगला, इतके. बोर्ड बदलला, इतके. फॉल्ट कुठे आहे हे तासभर शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, उलट "नुसतं बघितलं तर एवढे कसले" असंच ऐकून घ्यावं लागतं. मग तो शोधत बसत नाही, त्रास दिसेनासा होईल असं काहीतरी करतो किंवा सगळं बदलायला सांगतो. दोन्हीत त्याचं पोट चालतं, मोजमापात चालत नाही.

त्या तुकड्याने काय केलं

मशीनच्या आत सप्लायच्या फिल्टरमध्ये कपॅसिटर असतात, एक फेजकडून (करंट आणणाऱ्या वायरकडून) बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. खरं अर्थिंग असेल तर त्यातून येणारा अगदी बारीक करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि मीटर लावला तर निम्म्याच्या आसपास, 110-115 व्होल्ट दाखवते. करंट फार कमी असतो म्हणून मुंग्या येतात. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतंच.

आता बॉडी न्यूट्रलला जोडल्यावर मुंग्या जाणारच, पण त्या दिवसापासून मशीनचा आणि त्याच बोर्डवर असलेल्या गिझरचा धातूचा भाग घराच्या न्यूट्रलच्या भरवशावर. कुठे तो न्यूट्रल तुटला किंवा सुटला, तर चालू उपकरणातून परतणारी फेज थेट बॉडीवर. आणि या घरातला न्यूट्रल कसा होता ते नंतर दिसलं.

जुलैच्या मध्यात काकूंनी बाथरूमच्या नळाला हात लावला आणि झटका बसला. गिझर चालू असतानाच बसायचा, बंद केला की नाही. बिल्डिंगची पाइपलाइन जुनी जीआयची, म्हणजे लोखंडी, प्लॅस्टिकची नाही, त्यामुळे गिझरच्या टाकीवर जे येईल ते नळापर्यंत पोचायचं. परत कोपऱ्यावरच्या दादांना बोलावलं. यावेळी तोही जरा गंभीर झाला आणि म्हणाला आता काही नाही, सगळं वायरिंग काढून नवीनच करावं लागेल, आणि व्हिजिटिंग कार्डच्या मागे लिहून दिलं: "2 बीएचके फुल वायरिंग 78". म्हणजे 78 हजार, मटेरियल त्याचं, निम्मे ॲडव्हान्स, गणपतीच्या आत करून देतो.

समोर असलेले पर्याय

घरात आठवडाभर यावरच चर्चा. गिझर तेवढा बंद ठेवला होता, हे बरं केलं.

कोपऱ्यावरच्या वायरमनला काम देणं सगळ्यात सोपं होतं. ओळखीचा, हाकेवर, आणि काकांना नवीन माणूस घरात नको होता. पण 78 हजारांत काय काय हे त्या कार्डावर नव्हतं. कुठल्या जाडीची वायर, किती लाईनी, भिंत फोडणार की पट्टी मारणार, फोडली तर प्लॅस्टर कोण करणार, काहीच नाही. आणि नळाला करंट का येतोय याचं उत्तर त्याच्याकडे "वायरिंग जुनं झालंय" एवढंच.

मुलीने मोबाइलवरच्या ॲपमधून एक वायरमन बुक केला. वेळेवर आला, युनिफॉर्म, बोलायला नीट, पण त्याच्याकडे रेट कार्ड. स्विच बदलायचे इतके, पंख्याचे इतके, एमसीबीचे इतके. "नळाला करंट येतो, शोधा" असं त्या यादीत नव्हतं. व्हिजिट चार्ज घेऊन गेला. मोजता येण्यासारखी छोटी कामं असतील तर ही सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो, पण दुखणं माहीत नसेल तेव्हा तिचा उपयोग नाही.

तिसरे आले परवानाधारक ठेकेदार. नियमाने खरंतर यांच्याकडेच जायला हवं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं, पण वायरिंगमध्ये भर घालायची किंवा बदल करायचा तर परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत होतं आणि 2023 च्या नव्या नियमांतही आहे. घरगुती कामात हे किती पाळलं जातं ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी टाईप केलेलं कोटेशन दिलं, 1,12,000 अधिक जीएसटी, सगळं कन्सील्ड (भिंतीच्या आतून), शेवटी टेस्ट रिपोर्ट. काम चोख झालं असतं यात शंका नाही. पण गणपतीनंतरच, आणि राहत्या घराच्या सगळ्या भिंती फोडायच्या.

चौथा माझ्या ओळखीतून. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला, वायरमन परवाना असलेला, तिशीतला मुलगा, दिवसा एका ठेकेदाराकडे आणि उरलेल्या वेळात स्वतःची कामं. त्याने रेटच सांगितला नाही. म्हणाला, "काका, आधी मोजतो. मोजायचे हजार रुपये घेईन, कागदावर लिहून देईन, मग काम माझ्याकडून करा नाहीतर कुणाकडूनही." काका भडकलेच, नुसतं बघायचे हजार? मुलीने बंगळुरूहून तिथल्या तिथे यूपीआय केलं आणि विषय संपवला.

पहिला निर्णय: आधी तपासणी

निम्मा दिवस गेला. त्याने मेन बंद केला, न्यूट्रलची लिंकही काढली आणि मग मशीनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ या दोन पिनांत मल्टिमीटर लावला. बीप वाजला. घराचा बाहेरच्या न्यूट्रलशी संबंध तोडल्यावर तो वाजायला नको. आता यातली गोम अशी की मेन चालू ठेवून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला असता तर तो लख्ख पेटला असता, सॉकेटमध्ये घालायचा तीन दिव्यांचा टेस्टरही "ओके" म्हणाला असता, कारण तो अर्थ म्हणजे न्यूट्रलच होता. सॉकेट उघडलं तर तो बोटभर तुकडा निघाला.

मग मेनची पेटी. न्यूट्रलच्या लिंकपाशी जुनी ॲल्युमिनियमची आणि नंतर जोडलेली तांब्याची वायर नुसती पीळ देऊन एकत्र केलेली, वर काळी टेप. टेप काढली तर खालचं इन्सुलेशन जळक्या पापडासारखं हातात तुटून आलं. स्क्रू हलत होता. हा जॉइंट सैल म्हणूनच गिझर लावला की पट्टी मंद व्हायची, आणि त्या सैल जॉइंटपाशी अडणारं व्होल्टेज त्या तुकड्यातून गिझरच्या टाकीवर आणि तिथून नळाला जायचं. दोन्ही त्रासांचं मूळ एकच निघालं.

नंतर मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन किती धड आहे ते मोजणारं यंत्र, लावून प्रत्येक लाईन तपासली. निदान 1 मेगाओम तरी हवा. दिव्यांच्या लाईनी 20 च्या वर, म्हणजे चाळीस वर्षं होत आली तरी ठणठणीत. बाथरूमची लाईन अर्धासुद्धा नाही. किचनची काठावर. आणि खाली मीटररूममध्ये अर्थिंगची पट्टी होती पण ती कुठेच जात नव्हती. काही वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा खोदकामात ती कापली गेली आणि कुणाला कळलंच नाही. म्हणजे आख्ख्या बिल्डिंगला अर्थिंग नव्हतं.

तुकडा त्याने तिथल्या तिथे काढला, न्यूट्रलचा जॉइंट कापून नव्याने केला. साहजिकच मशीनला मुंग्या परत आल्या. काकू म्हणाल्या, "म्हणजे हजार रुपये देऊन मुंग्या परत आणल्या?" त्याने समजावलं की मुंग्यांनी माणूस दचकतो, त्या तुकड्याने जिवावर बेतलं असतं. अर्थिंग होईपर्यंत कपडे काढण्याआधी मशीनची पिन ओढायची आणि पायात रबरी चप्पल, असं ठरलं.

दुसरा निर्णय: सगळं की थोडं

तपासणीच्या कागदामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे पूर्ण वायरिंग बदलायची आज गरज नव्हती. दिव्यांच्या लाईनींवरचा लोड एलईडी आल्यापासून आधीच कमी झालाय. गरज होती ती जड लोडच्या लाईनींची. गिझर 2,000 वॉट म्हणजे पावणेनऊ ॲम्पिअर, इंडक्शन तेवढंच, दीड टनाचा एसी सात-आठ ॲम्पिअर, हे सगळं एका जुन्या लाईनवर आणि जाड तारेच्या फ्यूजवर चाललं असतं तर भिंतीतली वायरच फ्यूज झाली असती.

ठरलं ते असं. मीटरपासून वर घरापर्यंत 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची मेन लाईन. जुनी पेटी काढून डीबी (सगळ्या लाईनींचा मुख्य बोर्ड), त्यात सगळ्यात आधी 40 ॲम्पिअरची, 30 मिलिॲम्पिअरवर ट्रिप होणारी आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाईट तोडणारा स्विच, मग प्रत्येक लाईनला वेगळी एमसीबी. गिझर आणि एसीला स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएमची लाईन, किचन आणि मशीनच्या पॉवर पॉइंटला अडीचची. दिव्यांचं जुनं वायरिंग तसंच, फक्त 6 ॲम्पिअरच्या एमसीबीमागे. भिंती शक्यतो फोडायच्या नाहीत, पीव्हीसी पट्टीतून न्यायचं, एसीसाठी तेवढी एका भिंतीला झिरी. काकूंना पट्टी डोळ्याला खुपत होती पण गणपतीच्या तोंडावर घरभर सिमेंटचा धुरळा त्यांना त्याहून नकोसा होता.

मटेरियल कुणी आणायचं यावर थोडी घासाघीस झाली. वायरमनने आणलं की दुकानातून त्याला काहीतरी सुटतं, शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या वायरच्या बॉक्समध्ये वायरमनसाठी पॉइंटची कुपनं असतात, हे उघड गुपित आहे. या पोराने स्वतःच सांगितलं, यादी देतो, तुम्ही आणा, आयएसआय मार्क आणि एफआर (लवकर पेट न घेणारी) लिहिलेलं बघून घ्या, कुपन तेवढं मला द्या. काका तपकीर गल्लीत जाऊन 90 मीटरच्या कॉइली घेऊन आले आणि भाव करून आल्यामुळे दोन दिवस खूश होते. मटेरियलचे साधारण 21,600, मजुरी 15,000, तीन टप्प्यांत.

अर्थिंग सोसायटीचं. कमिटीत दोघांचं म्हणणं, इतकी वर्षं काही झालं नाही. तपासणीचा कागद समोर ठेवला तेव्हा दुरुस्ती फंडातून मंजूर झालं. मागच्या बाजूला नवीन खड्डा, रॉड, मीटर पॅनेलपर्यंत नवी पट्टी. रीडिंग 2.4 ओम आलं, 5 च्या आत हवं. पण पावसाळ्यात माती ओली असते, तेव्हा रीडिंग चांगलं येणारच, त्यामुळे मे महिन्यात परत मोजायचं हे मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

तिसरा निर्णय: आरसीसीबी ठेवायची की काढायची

काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात संपलं. मुंग्या गेल्या, नळ शांत, गिझर लावला तरी पट्टी हलेना. आणि त्याच संध्याकाळी दिवेलागणीला घरातली लाईट गेली. आरसीसीबी पडलेली. वर केली, राहिली. दुसऱ्या दिवशी परत, साधारण त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी परत.

आयटीआयवाला पोरगा दुपारी येऊन तपासून गेला, सगळं व्यवस्थित. गिझर, मशीन, फ्रीज एकेक करून लावून बघितलं, पडेना. संध्याकाळी त्याला येता येईना कारण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पुण्यातला कुठलाही वायरमन संध्याकाळी मंडळाच्या मांडवात असतो. काकांचा धीर सुटला, त्यांनी कोपऱ्यावरच्या दादांना बोलावलं. तो बिचारा मांडवातून स्कूटरवर लगेच आला आणि म्हणाला, "काका, हे पावसाळ्यात पडतंच. वरच्या वायरी खालच्या वायरींना जोडतो, डायरेक्ट करतो, पाच मिनिटांचं काम." पावसाळ्यात पडतं हे पूर्ण खोटं नाही, ओल आलेल्या लाईनवर आरसीसीबी पडते. पण पडते म्हणजे ओल कुठेतरी आहे असंच ती सांगत असते.

स्क्रू ड्रायव्हर हातात, काका हो म्हणालेले, मुलगी फोनवर नको नको करतेय. निर्णय काकूंनी घेतला. "रोज एकदाच जाते ना, मी वर करीन. पण का जाते ते कळू दे." आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची वेळ लिहायला सुरुवात केली.

मला या आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा वाटतो. डायरेक्ट केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणालाच आठवण राहिली नसती.

कॅलेंडरवर पावणेसात, सात, सव्वासात असं लिहिलेलं, आणि सोमवारी, 2 सप्टेंबरला, काहीच नाही. त्या दिवशी पोळा होता. समोरच्या फ्लॅटमधले लोक नगरकडचे, ते पोळ्याला गावी गेले होते. हे दोन्ही एकमेकांशी जोडायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात समोरच्यांनी माझ्याकडे तक्रार केली होती की तिसऱ्या मजल्यावरची जिन्यातली पट्टी लागत नाही, नुसती एकदा लुकलुकते. आमच्याकडे प्रत्येक मजल्याच्या पट्टीचं बटण त्या त्या मजल्यावरच आहे, संध्याकाळी समोरचेच लावतात. वॉचमनने स्टार्टर बदलला, ट्यूब बदलली, काही नाही. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः वर गेलो, बटण दाबलं, पट्टी एकदा लुकलुकली आणि विझली, आणि बंद दारामागून काकूंचा आवाज, "गेली बघा परत!" बटण बंद केलं, काकूंना वर करायला सांगितलं, राहिली. परत दाबलं, परत गेली.

गुरुवारी पोराने जिन्यातला बोर्ड उघडला. पट्टीला फेज सोसायटीच्या मीटरची, न्यूट्रल मात्र काकूंच्या बेलच्या वायरीतून घेतलेला. कधीतरी जिन्याचा न्यूट्रल तुटला असणार आणि वरती ओढायचा कंटाळा म्हणून कुणीतरी जवळचा घेतला. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघते. इथे सोसायटीच्या फेजमधला करंट काकूंच्या न्यूट्रलमधून परत यायचा, आरसीसीबीला वाटायचं घरात गळती आहे, ती पडायची, न्यूट्रलही तुटायचा, म्हणून पट्टीही विझायची. समोरच्यांना वाटायचं पट्टी गेली, ते बटण बंद करायचे, म्हणून काकूंकडे परत लाईट टिकायची. दुपारी तपासून यातलं काही सापडणं शक्य नव्हतं. जिन्याला खालून वेगळा न्यूट्रल ओढला, हरतालिकेच्या आदल्या दिवशी मिटलं. इतकी वर्षं ते युनिट कुणाच्या बिलात जात होते यावर सोसायटीत वेगळी चर्चा झाली, ती इथे नको.

परिणाम

शनिवारी 7 सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा घरात सगळं चालू होतं. त्यानंतर आरसीसीबी एकदा पडली ती इस्त्रीची वायर आतून खराब झाल्यामुळे, म्हणजे तिने तिचं काम केलं. काकू महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघतात. मे 2025 मध्ये अर्थिंग परत मोजलं, 3.8 ओम. महावितरणकडे मंजूर लोड वाढवायचा अर्ज ऑनलाइन केला, त्यासाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट पोरगा ज्यांच्याकडे काम करतो त्या परवानाधारक ठेकेदारांनी काम बघून दिला.

खर्च तपासणी धरून 37,600. त्यावर पेंटरचे सहा हजार गेले, कारण झिरी मारलेल्या भिंतीचं प्लॅस्टर आणि रंग कुणाकडे हे बोलणंच झालं नव्हतं. काकांना वाटलं मजुरीत आहे, पोराला वाटलं सगळ्यांना माहीत असतं की नसतं. जुनी तांब्याची वायर कुणाची यावरही थोडी बोलाचाली झाली. आपल्याकडे पद्धतीने ती वायरमन नेतो, काकांनी भंगाराचा भाव काढून ठेवला होता. शेवटी निम्मी निम्मी.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी जूनमध्येच व्हायला हवी होती. मुंग्या आल्या तेव्हाच हजार रुपये देऊन कुणाला बसवलं असतं तर तो तुकडा लागलाच नसता. पण तेव्हा तो त्रास हजाराचा वाटत नव्हता, अडीचशेचा वाटत होता, आणि कोपऱ्यावरच्या माणसाकडे मेगर नव्हताच. अडीचशेत मेगर घेऊन कोण येणार.

तपासणीत घराबाहेरचं काही बघितलं नाही. मेन बंद केल्यावर जिन्यात, गच्चीवर, पंपावर काही बंद पडतं का, ही दोन मिनिटांची पाहणी जुन्या बिल्डिंगमध्ये यादीत हवीच, आणि ती दिवे लागल्यावर. पोराने ती आता त्याच्या यादीत घातली आहे.

कागदावर काम काय काय हे होतं, पण काम कुठे संपतं हे नव्हतं. प्लॅस्टर, रंग, राडारोडा खाली नेणं, जुनं सामान, हे चार शब्द लिहिले असते तर सहा हजार वाचले नसते पण वाद वाचला असता. वायरची पीव्हीसी पट्टी बंद करण्याआधी प्रत्येक बोर्डाचे आणि भिंतीतल्या झिरीचे फोटो मात्र काढून ठेवले, ते मुलीने सांगितलं म्हणून, आणि एसीवाला भिंतीला भोक पाडायला आला तेव्हा लगेच कामाला आले.

ठेकेदारांकडून सगळंच करून घेतलं असतं तर बरं झालं असतं का, यावर घरात अजून एकमत नाही. मुलीचं म्हणणं हो, एकदाच त्रास झाला असता. माझं मत नाही, निदान त्या महिन्यात नाही, पण घर रिकामं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

कोपऱ्यावरच्या दादांना पुढे त्या पोरानेच तो तुकडा दाखवला आणि का काढला ते सांगितलं. त्याला वाईट वाटलं, त्याच्या उस्तादाने त्याला तसंच शिकवलं होतं. गल्लीत अशी अजून किती सॉकेट आहेत हे त्यालाच माहीत, आणि आपल्या सोसायटीतली तरी उघडून बघू म्हणून त्याला सांगितलं आहे, यावेळी तासाचे पैसे ठरवून. दुसऱ्या मजल्यावर एक सापडलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा अजून बोर्ड उघडू देत नाहीत, त्यांच्याकडे मुंग्या येत नाहीत म्हणे.